पुटिकांवरचा आळ

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंना म्हणाली, "बाई, सही करायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा. तीन रात्री तो कागद उशाखाली घेऊन झोपलात. तो काय आंबा आहे, ठेवला म्हणजे पिकायला?"

बाईंनी चष्मा पुसला आणि कागद घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला. भांडण सकाळपासून चालले होते आणि दोघीही दमल्या होत्या. बाईंचे वय झाले होते. शिष्या तरुण होती, पण दिवसभर प्रयोगशाळा आणि उरलेला वेळ आजारी आई, असे दीड वर्ष काढल्यावर तरुणपण नावालाच उरते. दाराशी औषधांचा एक व्यापारी खुर्ची ओढून बसला होता. तो मात्र ताजातवाना होता. वाट पाहणे हा त्याच्या धंद्याचाच भाग होता.

भांडणाचे कारण समजायला थोडे शास्त्र लागते. घाबरू नका, भाजी निवडता निवडता कळेल इतके सोपे आहे. शिकलेली माणसे ते उगाच अवघड करून ठेवतात. आपल्या शरीरातल्या पेशी आपल्यातून पिटुकल्या पिशव्या बाहेर सोडत असतात. त्यांना पुटिका म्हणायचे. एखादीत टाकाऊ माल असतो, एखादीत शेजारच्या पेशीसाठी निरोप. आणि अमायलॉइड म्हणजे घडी बिघडलेले प्रथिन. घडी मोडलेले एक प्रथिन दुसऱ्याला चिकटते, दुसरे तिसऱ्याला, असे करत त्यांचे तंतू होतात आणि तंतूंचे गुंते. माणूस स्वतःचे घर विसरतो त्या दुखण्यात असे गुंते मेंदूत सापडतात.

शिष्येने बऱ्याच नळ्यांमध्ये हे प्रथिन सारखेच घातले होते. निम्म्या नळ्यांत मेंदूच्या पेशींनी सोडलेल्या पुटिका मिसळल्या, निम्म्या तशाच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पुटिकांच्या नळ्या गढूळ झाल्या. तंतू धरले होते. बाकीच्या नळ्या पाण्यासारख्या निवळ होत्या. तिने लिहून टाकले की अमायलॉइडचे मूळ पुटिकाच आहेत. व्यापाऱ्याजवळ एक द्रव्य होते, ते पेशींना पुटिका सोडूच देत नसे. ते काही वृद्धांना देऊन पाहायचे ठरले. यादी तयार झाली. यादीतले पहिले नाव शिष्येच्या आईचे होते. आई गेल्या दिवाळीपासून पोटच्या मुलीला 'अहो सिस्टर' म्हणून हाक मारत होती. खाली फक्त बाईंची सही हवी होती.

बाई सही करीनात. शिष्या रागाने उठली आणि निवळ नळ्यांची लाकडी घोडी उचलून धुवायला निघाली. बाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली, पुन्हा उबेच्या पेटीत ठेवली, स्टूल ओढले आणि पेटीच्या काचेसमोर बसल्या. तासभर बसल्या. दुसऱ्या दिवशीही तासभर, तिसऱ्या दिवशीही. ना काही मिसळणे, ना काही मोजणे. ज्यात काही घडत नव्हते त्याकडे पाहत राहायचे, एवढेच. शिष्येला वाटले, म्हातारीचा हट्ट. व्यापाऱ्याने एकदा विचारलेच, "बाई, कुणासाठी देव पाण्यात घातलेत?" बाई म्हणाल्या, तुमची घाई बुडते का ते पाहते आहे.

प्रथिन घातल्यापासून अकराव्या दिवशी निवळ नळ्या पांढऱ्या झाल्या. एका दिवसात, सगळ्या. आत फाटक्या कापसासारखे पुंजके तरंगत होते. बाईंनी शिष्येला सांगितले, की दोन्ही प्रकारच्या नळ्यांतला एकेक थेंब काचेच्या वेगवेगळ्या थाळ्यांतल्या मेंदूच्या जिवंत पेशींवर सोड आणि सकाळी ये. सकाळी शिष्येने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पुटिकांच्या नळीतला थेंब पडला होता तिथल्या पेशी बहुतेक शाबूत होत्या. पुटिकांवाचून जे तंतू झाले होते, त्यांच्याखालच्या पेशी आक्रसून गेल्या होत्या. तिने थाळ्या अदलाबदल करून पाहिल्या, वरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या, आणि बाजूला झाली.

तेव्हा बाई बोलल्या. "खडीसाखर करणारा पाकात दोरे का सोडतो? पाक गच्च झाला की साखर बाहेर पडणारच, ते कुणाच्या बापाला टळत नाही. दोरा असला की ती दोऱ्यावर खडे धरते. नसला तर उशिरा धरते, पण तळाशी दगड होऊन बसते आणि भांडं फोडावं लागतं. पहिल्या दिवशी डोकावणाऱ्याला दोराच गुन्हेगार दिसतो, कारण साखर त्याच्या अंगावर असते. आपल्या डोळ्यांत जो काळा रंग आहे ना, तो घडवणाऱ्या पेशी असेच अमायलॉइडचे तंतू मुद्दाम करतात, पुटिकांच्या अंगावर, नीट ओळीने, आणि त्यांच्यावर रंग चढवतात. म्हणून पुटिका संत आहेत असं मी म्हणत नाही. वाईट बी एका पेशीतून दुसरीत नेणाऱ्याही असतील त्यांच्यात. पिशवी पिशवीत फरक आहे. पण तू तिसऱ्या दिवशी पाहणं थांबवलंस. तुला हवं होतं ते तिसऱ्या दिवशी मिळालं, म्हणून."

व्यापारी उभा राहिला. चोर सापडला तर कुलूप विकता येते, चोरच नाही म्हटल्यावर मी काय विकू, असे तो हसत म्हणाला. कुणी हसले नाही. मग त्याने सांगितले की संध्याकाळपर्यंत सही झाली तर ठीक, नाहीतर हे औषध दुसऱ्या गावच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल, तिथल्या यादीत नावे वेगळी असतील. तो बाहेर जाऊन गाडीत बसला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. दृष्टांतात गुरू बोलला की शिष्याला ज्ञान होते. पण जिची आई विसरत चालली आहे तिला ज्ञानाचे काय करायचे असते? शिष्या म्हणाली, एका थाळीवरून काही ठरत नाही. बाईंनी ते मान्य केले. एका थाळीवरून काहीच ठरत नाही, हेच मी म्हणते, आणखी तीनदा कर, वेगवेगळ्या पेशींच्या पुटिका घेऊन कर, म्हणाल्या. शिष्येने हिशेब सांगितला. दर वेळी नव्या पेशी वाढवून पुटिका गोळा करायच्या, म्हणजे तीनदा करायला पाच महिने. पाच महिन्यांत आई घास गिळायचा कसा तेही विसरेल, डॉक्टरांनी तशी कल्पना दिली होती. काल तिने भाताचा घास तोंडात तासभर तसाच धरून ठेवला होता.

बाई ऐकत होत्या.

"तुमचं काय जातंय, बाई?" शिष्या म्हणाली. तिचा आवाज चढलाही नव्हता, तेवढे बळ उरले नव्हते. "पाच महिने काय, पाच वर्षं पाहत बसाल पेटीसमोर. तुमच्या घरात कुणी कुणाला विसरत नाहीये."

बाईंनी पिशवीतून तो कागद काढला. घड्या पडून पडून मऊ झाला होता. तो त्यांनी टेबलावर पसरला, पेन उघडले, सहीच्या जागेवर धरले, आणि पुन्हा टोपण लावून खाली ठेवले.

"वैशाखात डॉक्टरांनी मला तुझ्या आईचंच दुखणं सांगितलं, पोरी," त्या म्हणाल्या, "आणि ते औषध मला इतकं हवं आहे, की माझ्या सहीवर माझाच भरवसा उरलेला नाही."