कहाणी पिवळ्या चिकाची आणि दाट घासाची

ऐक ग जिवतीमाते, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता धरा, मांडीवरची लेकरं थोपटा, आणि कहाणी पुरी होईतो मधेच कुणी उठू नका.

आटपाट नगराच्या वेशीबाहेर एक गवळवाडा होता. तिथं ठकूबाई नावाची गवळण राहत होती. दावणीला सोळा गाई, बारा म्हशी. घरात एक लेक रामोजी, एक सून हौसा. ठकूबाईच्या हाताचा मोठा लौकिक. तिच्या गोठ्यात जन्मलेलं वासरू कधी दगावलं नाही. गाय अडली की राजाच्या गोशाळेतून सुद्धा तिला बोलावणं येई. गोठा असा भरलेला, पण घरात पाळणा हलत नव्हता. हौसेला पहिलं मूल झालं, ते तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं झालं, ते सातव्या दिवशी गेलं. लोक म्हणत, "ठकूबाईचा गोठा गोकुळ, आणि घर ओसाड." ठकूबाई ऐकून घेई, आणि गोवऱ्या अधिकच जोरानं थापी.

मग हौसेला तिसऱ्यानं दिवस राहिले. शेजारणी आल्या, डोहाळे पुसू लागल्या. "आंबट हवं का?" नको. "गोड हवं का?" नको. "मग तुला हवं तरी काय ग?" हौसा म्हणाली, "पोटातल्या ह्याचं रडणं मला महिनाभर ऐकायला मिळो. बाकी काही नको." शेजारणींनी पदर डोळ्याला लावले आणि उठून गेल्या.

नऊ महिने भरले, नऊ दिवस भरले. श्रावणातला शुक्रवार उजाडला. दिवस उगवायला हौसा बाळंत झाली. मुलगी झाली. सावळी, डोकंभर केसांची, मुठी आवळलेली. त्याच घटकेला गोठ्यात ढवळी गायीला कळा सुरू झाल्या. ठकूबाईची एक धाव गोठ्यात, एक धाव घरात.

साळू सुईणीनं पोर न्हाऊ घातली, फडक्यात गुंडाळली. मग हौसेपुढं करवंटी ठेवली. म्हणाली, "हौसाबाई, जुनं दूध ह्यात पिळून टाक. नऊ महिने साचलेलं ते, पिवळं, नासकं. तीन दिवस पोराला लावायचं नसतं." ठकूबाईनं कापसाची वात केली, मधात बुडवली, गूळपाण्यात भिजवली, पोरीच्या ओठांना लावली. पहिल्या दोघांनाही असंच केलं होतं. करवंटीतला चीक कुठं टाकला? मुंगी लागली तर दूध आटतं म्हणून डाळिंबाच्या मुळाशी ओतला, वर माती लोटली.

हौसा पोरीकडे बघत राहिली. पोर वात चोखी आणि रडे. सकाळी रडली ती मांजराच्या पिलासारखी. ऊन चढलं तशी चिमणीसारखी रडू लागली. दुपार झाली, मग नुसतेच ओठ हलू लागले. असं हौसेनं दोनदा पाहिलं होतं.

तिकडं गोठ्यात ढवळी व्याली, इतक्यात दारात एक म्हातारी आली. कपाळी मळवट, काखेत बोचकं. केस पांढरेशुभ्र, पण पदरावर दुधाचा ओला डाग. म्हणाली, "ठकूबाई, ठकूबाई, तुझी गाय व्याली. मला वाटीभर चीक दे."

ठकूबाई गोठ्याच्या तोंडाशी होती. म्हणाली, "बस ग आजी. आधी वासरू पिईल, मग उरला चीक काढीन, मग खरवस करीन, मग तुला देईन."

"वासराला उद्या पाज की."

"उद्या? गाईची वार पडायच्या आत वासराच्या तोंडात तिचा सड गेला पाहिजे. चीक म्हणजे त्याचं चिलखत. अंगात चिलखत नाही, तर लढाईला काय शेपूट घेऊन जाईल?"

"मग आजच्यापुरतं गूळपाणी दे त्याला."

ठकूबाई हसू लागली. "आजी, तू गवळ्याच्या दारी आलीस की वाण्याच्या? गूळपाण्यावर कुठं वासरू जगतं?"

"अग, पण चीक पिवळा. चिकट. नासलेला असायचा."

"नासला असेल तुझा डोळा! पिवळा आहे म्हणून तर कसाचा आहे."

तेवढ्यात घरातून पोरीचं रडणं आलं. कसलं रडणं, कण्हणंच ते. म्हातारीनं मान वळवली. पुसलं, "आणि आत कुणाचं वासरू ग?"

ठकूबाईच्या हातातली धारेची चरवी हातातच राहिली. मग म्हणाली, "माणसाचं निराळं असतं. माझ्या सासूनं सांगितलं. तिला तिच्या सासूनं सांगितलं."

"निराळं कसं, तेवढं मला सांग, म्हणजे मी जाते."

ठकूबाईनं आठवून पाहिलं. सासूनं 'टाक' सांगितलं होतं. 'का' ते सांगितलं नव्हतं.

आत हौसा सगळं ऐकत होती. करवंटी पुन्हा पुढ्यात आली होती. मनात म्हणाली, "सासूबाईंचा शब्द मोडला आणि ही गेली, तर पाप माझ्या माथी. शब्द पाळला आणि ही गेली, तर पाप कुणाच्या माथी? आणि गेली तर मला माथं तरी कशाला हवं?" तिनं करवंटी पालथी घातली. फडकं सोडलं. पोरीला उघडी करून छातीशी धरली. पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा धरली. तोंड सुटलं. तिसऱ्यांदा धरली, आणि पोरीनं असं घट्ट पकडलं, की हौसेच्या तोंडून "आई ग" निघालं.

साळू सुईण ओरडली, "अग अग अग! ठकूबाई, धावा! तुमची सून पोरीला विष पाजतेय!"

ठकूबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हौसेनं पोर सोडली नाही. म्हणाली, "सासूबाई, पाच वर्षं मी तुमच्या गोठ्यातलं शेण काढलं. वासरं कशी जगतात ते तुम्हीच मला दाखवलंत. मला आजच्या दिवस तुमची ढवळी समजा."

ठकूबाई खाली वाकली. पोरीच्या गळ्याकडे बघत राहिली. एक घोट खाली गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मग म्हणाली, "साळू, बाजूला हो. हिच्या पाठीला उशी दे. असं वाकून बसली तर कंबर जाईल."

मग हौसेनं म्हातारीला आत बोलावलं. पाटावर बसवलं. म्हणाली, "आजी, तुम्ही कोण, कुठल्या, मला ठाऊक नाही. पण ह्या लेकीसाठी मला काही वसा सांगा."

"वसा सांगेन. पण तू उतशील, मातशील, मधेच टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा सांडणार नाही."

म्हातारी म्हणाली, "जन्मल्या घटकेचा चीक पोरीला द्यावा, तो तू दिलास. आता सहा महिने अंगावर पाजावं. वर पाण्याचा थेंब नाही, मधाचं बोट नाही, घुटीची वाटी नाही. दूध कमी वाटलं, तर अधिक वेळा घ्यावी. विहीर उपसली की पाझर फुटतो. सातवा महिना लागला की उष्टावण करावं. घास दाट द्यावा, पळी तिरपी केली तरी ओघळू नये असा. सोबत अंगावरचं दोन वर्षं चालू ठेवावं. पोरीची वाटी निराळी असावी, म्हणजे किती गेलं ते आईला कळतं. ह्याला पूजा नाही, पत्री नाही. कंटाळा करू नये, एवढंच."

हौसेनं पदर पसरून नमस्कार केला. डोकं वर केलं, तो पाट रिकामा. पाटावर एक दुधाचा थेंब.

मग काय झालं? तिसरा दिवस आला. हौसा पोरीच्या छातीवर हात ठेवून बसली. तिसरा गेला. सातवा दिवस आला. हौसा दिवसभर पोरीच्या नाकाशी बोट धरून बसली. जेवली नाही, पाठ टेकली नाही. रामोजी म्हणाला, "अग, बोट काढ, पोरीला श्वास घेऊ दे!" सातवाही गेला. आठव्या दिवशी पोर असं भोकाड पसरून रडली, की गोठ्यात म्हशी उठून उभ्या राहिल्या. हौसा हसली, आणि हसता हसता रडली. बारशाला पोरीचं नाव ठेवलं जिऊ.

आश्विनाचं ऊन तापलं. शेजारीण म्हणाली, "पोर तान्हेली दिसते, दोन थेंब पाणी घाल." हौसेनं पदराखाली घेतली, पाणी दिलं नाही. माहेरचं माणूस आलं, मधाची बाटली घेऊन आलं. हौसेनं बाटली फडताळात ठेवली, मध दिला नाही. एकदा तिलाच वाटलं, दूध उतरत नाही, आता कसं व्हायचं? तिनं पोरीला दिवसातून दहादा घेतली, बारादा घेतली, चौथ्या दिवशी चोळी भिजू लागली. ठकूबाईनं अळिवाची खीर केली. पूर्वी पहिली वाटी लेकाला जायची, आता पहिली वाटी सुनेला जाऊ लागली. रामोजी म्हणे, "आई, मी काय सावत्र?" ठकूबाई म्हणे, "तू पाजतोस का कुणाला?"

माघ आला. मामानं सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवली, उष्टावण झालं. बायका म्हणू लागल्या, "हौसे, तुझी लेक म्हणजे लोण्याचा गोळा!" हौसेची मान ताठ झाली. आणि एके दिवशी जिऊला भाताच्या घासानं ठसका लागला. डोळे पांढरे झाले, तोंड लाल झालं. घटकाभरात बरीही झाली. पण हौसेच्या मनात भीती शिरली. "दोन अशीच गेली, ही घासानं जायची." मग तिनं काय केलं? वरण निवळू द्यावं आणि वरचं पाणी पाजावं. भात शिजवावा आणि पेज पाजावी. गवळवाड्यात म्हणतच असत, सगळं सत्त्व पाण्यात उतरतं. खालचं दाट रामोजीच्या ताटात जाई, उरलेलं म्हशीच्या घमेल्यात जाई.

वसा सांडला, आणि हौसेला वाटलं आपण जपतो आहोत.

एक पंधरवडा गेला, जिऊचे गाल उतरले. दुसरा गेला, केस भुरे झाले. तिसरा गेला, बसणारी पोर लवंडू लागली. पोट मात्र टम्म दिसे. हौसेनं दृष्ट काढली, मीठमोहऱ्या उतरल्या. गुण येईना. मग एके सकाळी ती ठकूबाईच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, "सासूबाई, मी हिचं खायचं काही कमी करत नाही हो. तीन वाट्या पाजते. मग ही का वाळते?"

"काय पाजतेस?"

"वरणाचं पाणी. पेज."

"आणि घास?"

हौसेनं मान खाली घातली. "घास द्यायला हात होत नाही. अडकला तर?"

ठकूबाईनं तिला जवळ घेतलं. म्हणाली, "मला चिकाची भीती होती, तुला घासाची आहे. भीती काय, तिला सासू-सून सारखीच. जा, पळी आण."

हौसेनं पळी आणली. ठकूबाईनं तीत वरणाचं पाणी घेतलं, पळी कलती केली. सगळं भुईवर. म्हणाली, "हिच्या पोटातही असंच वाहून जातं. पोट भरतं, अंग भरत नाही." मग मऊ भात घेतला, दाट वरण घेतलं, बोटांनी मळून मळून लोण्यासारखं केलं, वर तुपाची धार धरली. पोरीला आडवी नाही, मांडीवर ताठ बसवली. म्हणाली, "चिंचोक्याएवढा घे. घाई करू नको, कोंबू नको. तिच्याशी बोलत रहा."

हौसा भरवू लागली. पहिला घास जिऊनं थुंकला. दुसरा थुंकला. तिसरा गिळला, आणि ठसकली. हौसा किंचाळून उठली. ठकूबाईनं तिचं मनगट धरलं. "थांब. खोकते आहे ना? म्हणजे वारा जातो येतो. तिला तिचं काम करू दे." जिऊ खोकली, पुन्हा खोकली. मग तिनं आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि आ केला.

हौसेनं चौथा घास दिला.

त्या दिवसापासून जिऊची वाटी निराळी झाली. कधी भात-वरण, कधी नाचणीची दाट पेज, कधी कुस्करलेलं केळ. दिवसातून तीनदा, मग चारदा, आणि अंगावरचं होतंच. चैत्र गेला, पोर सावरून बसली. वैशाख गेला, गाल भरले. ज्येष्ठात दावं धरून उभी राहिली, आषाढात सोडून चालली.

पुन्हा श्रावण आला, शुक्रवार आला. भिंतीवर जिवती लावली. ठकूबाईनं पुरणाचा नैवेद्य केला, दिवे लावले, लेकरू ओवाळायला ताट घेतलं. आजवर ती परक्यांची लेकरं ओवाळून घरी येई. हौसेनं जिऊला पाटावर बसवली. जिऊ कुठली बसते! उठली, दुडुदुडु गेली, नैवेद्याच्या ताटात दोन्ही हात घातले आणि पुरण तोंडात कोंबलं. गाल हे एवढाले फुगले.

साळू सुईण ओरडली, "अग बाई! नैवेद्य उष्टा झाला!"

ठकूबाई ताट हातात धरून तशीच उभी. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडावर हसू. म्हणाली, "गप ग साळू. देवीला नैवेद्य आणखी कसा पोचतो? हौसे, दे तिला अजून. दाट दे."

जिवतीमाई, जशी तू हौसेच्या दारी आलीस तशी ह्या कहाणी ऐकणारीच्या दारी ये, कहाणी वाचणारीच्याही दारी ये. ज्यांची कूस भरली त्यांचे पाळणे हलते ठेव. ज्यांची लेकरं दुरावली त्यांच्या पदरी पुन्हा लेकरू घाल. घाबरलेल्या आईला एक शहाणी सासू दे, आणि शहाण्या सासूला एक प्रश्न विचारणारी म्हातारी दे. ही साठा घासांची कहाणी पाचा घासांत भरवली, ऐकणारीला पचो, सांगणारीला फळो, सुफळ संपूर्ण.