जाळणे आणि जळणे

सोनवडीच्या राजकन्येसाठी व्याकरणाची पोथी निवडायची होती. दरबारचे पंडित गुंडोशास्त्री आपला सातशे पानी ग्रंथ दोन्ही हातांनी कवटाळून आले. राणीवशात मुलींना शिकवणाऱ्या म्हाळसाबाईंनी आणलं होतं वीस पानांचं चोपडं. राजकन्येने नेमकं तेच आधी उघडलं आणि ती खुदकन हसली. झालं, शास्त्र्यांच्या पोटात दुखू लागलं. त्यांच्या ग्रंथाने आजवर कुणाला साधं हसू आणलं नव्हतं!

"महाराज," ते कडाडले, "सकर्मक-अकर्मक उलगडायला मला चाळीस पानं लागली. या बाईंनी ते दोन वाक्यांत सांगावं. नाही जमलं, तर त्यांचं चोपडं जाळा!"

म्हाळसाबाईंनी शांतपणे पदर सावरला. "उदाहरण शास्त्रीबुवांनीच दिलं, महाराज. 'जाळणे' सकर्मक, कारण त्याला जाळायला चोपडं लागतं. 'जळणे' अकर्मक, कारण त्याला एकटा कर्ता पुरतो आणि क्रियाही त्याच्यावरच थांबते."

"समजलं!" राजकन्येने टाळी वाजवली. "शास्त्रीबुवा जळतात. झालं की वाक्य पुरं!"

दरबार खो खो हसला. शास्त्र्यांनी त्या वाक्यात चूक शोधून पाहिली. एकही सापडेना.