मुकी दवंडी

‘राजनगरी’ नावाच्या खेळात प्रत्येक माणसाच्या डोक्यावर वीतभर उंचीवर एक पट्टी तरंगत असते. पोट भरलेलं, झोप झालेली, मन ठिकाणावर असलं की पट्टी हिरवी. नाहीतर ती आधी पिवळी पडते आणि मग लाल होते. पडद्यावरच्या माणसांना कसलं आलंय मन, असं म्हणणाऱ्यांनी चार दिवस त्यांच्यात राहून बघावं. तिथं खोटं हसता येतं, पण पट्टी लपवता येत नाही.

आणि राजा चंडप्रतापाच्या राज्यात झाडून सगळ्या प्रजेच्या पट्ट्या लाल झाल्या होत्या.

राजा महालाच्या गच्चीतून खाली बघायचा, तेव्हा बाजारभर मिरच्या वाळत घातल्यासारखं दिसायचं. त्याला ते मुळीच खपत नसे. त्यानं हुकूम काढला, की लाल पट्टीवाल्यांनी टोप्या घालाव्यात. लोकांनी टोप्या घातल्या, पट्ट्या टोप्यांच्या वर सरकल्या. मग हुकूम निघाला, की प्रत्येकानं दिवसातून दोनदा आनंदी व्हावं, एकदा जेवणाआधी आणि एकदा जेवणानंतर. पट्ट्या आणखी लाल झाल्या!

राजा रोज चाळीस हुकूम काढायचा. कोंबड्यानं कधी आरवावं इथपासून सुनेनं सासूकडे कसं बघावं इथपर्यंत. ते सटवाजी दवंडीवाल्याकडे जायचे. सटवाजी चौकाचौकात हलगी वाजवून ते ओरडून सांगायचा आणि लोकांच्या कानावर पडले की त्या क्षणी लागू व्हायचे. कानावर पडेपर्यंत हुकूम म्हणजे नुसता कागद, असा राजाचाच नियम होता.

प्रधान स्वतःला फार हुशार समजायचा. त्यानं दिवसभर चौकात उभं राहून एक शोध लावला. पट्ट्या लाल होतात त्या नेमक्या दवंडीनंतर. राजानं विचारलं, मग याचा अर्थ काय? प्रधान म्हणाला, अर्थ सरळ आहे महाराज, दोष सटवाजीच्या आवाजात आहे.

दरबारात कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. सटवाजीला मध चाटवला, ज्येष्ठमधाचा काढा पाजला, राजगवयाकडून सूर लावायला शिकवलं. बिचाऱ्यानं पाणपट्टी वाढल्याची दवंडी भूप रागात दिली. लोक रडायचेच बाकी राहिले. तेव्हा राजा चिडला आणि म्हणाला, सटवाजीला पुसून टाका.

त्या खेळात फाशी नसते, पुसणं असतं. माणूस जातो, घर जातं, आणि शेजाऱ्यांना त्याचं नावसुद्धा आठवत नाही. सटवाजीची मुलगी ठकू हे ऐकून धावतच दरबारात आली. लहानपणापासून बापाबरोबर हलगी वाजवत हिंडलेली पोरगी. आई कधीच गेलेली, तिला बापाशिवाय कोणी नव्हतं. ती राजाला म्हणाली, की पट्ट्या मी हिरव्या करून दाखवते, पण माझ्या बापाला हात लावू नका.

राजाला गंमत वाटली. "आठ दिवस देतो. धान्याचा एक दाणा जास्त वाटायचा नाही. कोणाला सुट्टी द्यायची नाही, कोणाचं काम कमी करायचं नाही. जमलं नाही तर बापाबरोबर तूही पुसली जाशील."

ठकूनं विचारलं, "आणि मधे काही आड आलं तर, महाराज?"

"आड येईल ते बाजूला सार. काय वाटेल ते असो!"

ठकूनं ते प्रधानाकडून कागदावर लिहून घेतलं आणि वर शिक्काही मारून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून दवंडीचं काम ठकूनं हाती घेतलं. राजा रोजच्यासारखे चाळीस हुकूम काढी आणि मग गच्चीत बसून हलगीचा आवाज ऐकी. हलगी अशी खणखणीत वाजायची, की राजा मान डोलवायचा. चौकात लोक खाली मान घालून उभे राहत. ठकू हलगी वाजवायची, थांबायची आणि चालू लागायची.

पहिल्या दिवशी एका म्हातारीनं तिला हटकलं. पुढं काय गं? ठकू म्हणाली, पुढं काही नाही आजी, घरी जा. म्हातारी घरी गेली आणि सुनेशी मनापासून भांडली. तिची पट्टी संध्याकाळपर्यंत पिवळी झाली.

तिसऱ्या दिवशी अर्धा बाजार पिवळा होता. आठव्या दिवशी संध्याकाळी राजा गच्चीत आला, तर खाली मेथीचा मळा पसरल्यासारख्या हिरव्यागार पट्ट्या! प्रधान म्हणाला, ही जादूटोणा करते. राजानं ठकूला बोलावून विचारलं, कसलं औषध दिलंस?

ठकूनं काखेतलं गाठोडं सोडून त्याच्या पायाशी ठेवलं. "हे आपले आठ दिवसांचे तीनशे वीस हुकूम, महाराज. मोजून घ्या. हेच आड येत होते, म्हणून बाजूला सारले. शिक्क्याचा कागद वरतीच आहे."

राजाच्या मिशा थरथरल्या.

"म्हणजे आठ दिवस माझ्या राज्यात माझा एकही हुकूम चालला नाही?"

"नाही, महाराज. पण आपल्याला तरी कुठं कळलं?"

राजानं गाठोड्यातला एक कागद उचलून वाचला. मग दुसरा वाचला. तिसरा होता शेळ्यांनी रांगेत चालण्याबद्दलचा. तो वाचता वाचता राजाला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते आवरेना. हसून हसून त्याचा मुकुट कलला, आणि राज्याभिषेकापासून पिवळी असलेली त्याची स्वतःची पट्टी सगळ्यांदेखत हिरवी झाली.

सटवाजीची शिक्षा त्याच घटकेला रद्द झाली. ठकूला राजानं सोन्याच्या पाटल्या दिल्या, महालातली एक मोठी खोली दिली आणि यापुढचे सगळे हुकूम तिच्याच ताब्यात द्यायचं ठरवलं.

"आणि आता माझा हुकूम आहे," राजा उठून गरजला, आणि ठकूकडे बघून जरा घुटमळला. "काय गं, सांगू की नको?"

"खुशाल सांगा, महाराज. खोली मोठी आहे."