टिचकीच्या डबीचं झाकण

ऐका हं, कान इकडे करा!

एक होती चिचुंद्री. एवढीश्शी. नाव तिचं टिचकी.
टिचकीची होती लाकडी डबी. डबीत तीळ.
एकदा काय झालं, डबीचं झाकण निसटलं. गडगड गडगड... मोरीत डुबुक! गेलं ते गेलंच.
मुंगळ्यांना बरं कळलं! आले रांगेने. एक तीळ नेला. दुसरा नेला.
"अरे, माझे तीळ!" टिचकी म्हणाली. "थांबा, नवं झाकणच आणते!"

टुरूटुरू टुरूटुरू, टिचकी गेली तात्यांकडे.
तात्या आधी दुकानात बसायचे. मग पाय मोडला. कितीतरी दिवस घरीच. बसून बसून कंटाळले. मग आणलं छोटं लेथ. लाकूड फिरे गर्रगर्र. तात्या पटाशी टेकवत. लाकूड कापे सर्रसर्र. वाटी झाली, लाटणं झालं. भोवरे तर किती! टिचकीची डबीही त्यांचीच.

"तात्या, तात्या, झाकण करा ना!
झाकण नाही, मुंगळे तीळ नेतात!"
"करीन गं टिचके. पण पटाशी कापेल, तर झाकण करीन."

टुरूटुरू टुरूटुरू, टिचकी गेली पटाशीकडे.
"पटाशीताई, पटाशीताई, काप ना!
तात्या झाकण करेना,
झाकण नाही, मुंगळे तीळ नेतात!"
"सोळा भोवरे कापले गं मी! धारच गेली. दगड धार लावेल, तर कापेन."

टुरूटुरू टुरूटुरू, टिचकी गेली दगडाकडे.
"दगडोबा, दगडोबा, धार लाव ना!
पटाशी कापेना,
तात्या झाकण करेना,
झाकण नाही, मुंगळे तीळ नेतात!"
"असा कोरडा कोरडा? छे! माठ पाणी देईल, तर धार लावीन."

टुरूटुरू टुरूटुरू, टिचकी गेली माठाकडे.
"माठबुवा, माठबुवा, पाणी दे ना!
दगड धार लावेना,
पटाशी कापेना,
तात्या झाकण करेना,
झाकण नाही, मुंगळे तीळ नेतात!"
"देईन की! पण माझ्या डोक्यावर कोण झोपलंय बघ. मनी उठेल, तर पाणी देईन."

टिचकीने वर पाहिलं. बाप रे, मांजर!
पण टिचकी भ्याली नाही. चिचुंद्रीला कुठलं मांजर खातं?
"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ ना!
माठ पाणी देईना,
दगड धार लावेना,
पटाशी कापेना,
तात्या झाकण करेना,
झाकण नाही, मुंगळे तीळ नेतात!"
मनीने नाक मुरडलं. "शी, काय गं तुझा वास! मला गादी हवी. लाकडाच्या कुरळ्या कुरळ्या छिलक्यांची. गादी मिळेल, तर उठेन."

घ्या! छिलके पडणार झाकण करताना. झाकण होणार मनी उठल्यावर. आता?

टिचकीने डोकं खाजवलं. तिच्या बिळात होती की गादी! लेथखालच्या छिलक्यांचीच. पण एकच.
"देऊन टाकते," टिचकी म्हणाली. "गादी पुन्हा होईल. तीळ गेले की गेलेच."
ओढली गादी. सर्र... सर्र... सर्र!
मनी शिंकली. "आक्छी! वास आहे... पण मऊ आहे!"

आणि मनी उठली.
माठाने पाणी दिलं. डुबुडुबु.
दगडाने धार लावली. घासघास.
पटाशी कापू लागली. सर्रसर्र.
तात्यांनी झाकण केलं. गर्रगर्र.
लावून पाहिलं. घट्ट! बसेना.
"थांब, थोडंसंच," तात्या म्हणाले. सर्र!
पुन्हा लावलं. टप्प! अस्सं बसलं!

खाली छिलक्यांचा हा ढीग.
"ने गं टिचके, नवी गादी कर."

टिचकी घरी आली. डबीत तीळ होते. थोडे कमी, पण होते. झाकण लावलं. टप्प!
मुंगळे आले. टकटक, टकटक. "टिचके, उघड ना!"
गादीवरून टिचकी म्हणाली, "आज दुकान बंद!"