नाराजीचा एकही शब्द नाही

आटपाट नगरांच्याही आधीची गोष्ट आहे, म्हणजे किती जुनी ते तुम्हीच ठरवा. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक मोठी औषधशाळा होती. तिथले वैद्य हिवतापावर औषध तयार करत होते. काम खर्चाचं. मुळ्या दूरच्या रानातून आणायच्या, भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या ठेवायच्या. म्हणून गावकरी त्यात आपापली भर घालत. कुणी धान्य देई, कुणी तांब्याची भांडी, कुणी गाय. औषध लागू पडलं की होणाऱ्या कमाईत प्रत्येकाचा वाटा, असा करार होता.

काम कुठवर आलं ते दर पौर्णिमेला चावडीवर सांगायचं, ही जबाबदारी औषधशाळेच्या कारभाऱ्याची. गडी मोठा गोडबोल्या! पण त्याला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. "जन्मात कधी खोटं बोललो नाही," असं तो छाती पुढे काढून सांगे. आणि खरंच, तो कधी खोटं बोलला नव्हता.

त्या पौर्णिमेला तो म्हणाला, "मंडळी, आमचं औषध घेतलेले बरेच रोगी आज हिंडूफिरू लागलेत. औषधाची घागर राजवैद्यांच्या दारी पोचली आहे. त्यांच्याकडून नाराजीचा एकही शब्द आलेला नाही."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. औषध न घेतलेले रोगीही तितकेच हिंडूफिरू लागले होते, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. आणि राजवैद्यांनी घागरीच्या तोंडावरचं फडकंसुद्धा अजून सोडलं नव्हतं, मग नाराजी येणार कुठून? पण लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

कारभाऱ्याला नवल वाटलं. 'मी एवढंसं बोललो, मग ही माणसं एवढी खूश कशानं झाली?' त्याला राहवेना. डोक्यावरून घोंगडी घेऊन तो बाजारात फिरू लागला.

भाजीवाली शेजारणीला सांगत होती, "अगं, औषध रामबाण निघालंय म्हणे!" पुढे न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला पाणी लावत म्हणाला, "राजवैद्यांनी होकार दिला, कारभाऱ्यांनी स्वतः सांगितलं." बातमी पाणवठ्यापर्यंत पोचेतो तर राजानं औषधशाळेला हत्ती बक्षीस दिला होता!

कारभारी घोंगडीत खुदकन हसला. 'मी कुठं असं म्हणालो? त्यांनीच ऐकलं. माझं पाप नाही.' आणि घरी जाऊन तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधशाळेच्या अंगणात भर द्यायला ही गर्दी उसळली. गर्दीतून कारभाऱ्याची थोरली बहीण पुढे आली. विधवा बाई, घरात कमावतं कुणी नाही. तिच्या हातात बैलजोडीचा कासरा होता. त्या जोडीवरच तिची शेती आणि तिच्या लेकरांची भाकरी चालत होती.

"अक्का, तू कशाला?" कारभारी दचकला.

"का रे? गावाचं भलं होतंय, मग मी मागं का राहू? पण आधी परतबोल होऊ दे."

आता हा परतबोल काय, ते सांगतो. त्या गावची जुनी रीत होती. करार करताना देणाऱ्यानं आपण काय समजलो ते आपल्या शब्दांत बोलून दाखवायचं आणि घेणाऱ्यानं 'हो, असंच' म्हणायचं, तेव्हा व्यवहार पक्का. गर्दी फार होते, वेळ जातो, असं म्हणत कारभाऱ्यानं औषधशाळेपुरती ती रीत हळूच मोडून टाकली होती. लोक नुसते हात वर करत. पण अक्का जुन्या वळणाची.

ती म्हणाली, "औषधानं माणसं बरी झाली. राजवैद्यांनी ते पसंत केलं. आता माझे बैल बुडायचे नाहीत. असंच ना रे, राजा?"

दोनच शब्द म्हणायचे होते. कारभाऱ्यानं तोंड उघडलं. 'हो' म्हणावं तर जन्मातलं पहिलं खोटं, तेही सख्ख्या बहिणीशी. गप्प बसावं, तर सारं अंगण त्याच्याकडे बघत होतं. अक्काचा चेहरा इतका निर्धास्त होता की त्याला भडभडून आलं.

"नाही अक्का," तो म्हणाला. "तसं नाही. बैल घरी घेऊन जा."

मग सगळंच बाहेर आलं. न उघडलेली घागर आणि औषधाविना बरे झालेले रोगीही. अक्काचे बैल वाचले. पण ज्यांनी आधी दिलं होतं, त्यांचं भट्टीत जळून गेलं होतं.

भाजीवाली पुढे येऊन म्हणाली, "कारभारी, बहिणीपाशी जीभ सरळ झाली. आमच्यापाशी का नाही झाली हो?"

दिवस गेले. वैद्यांनी औषधात आणखी एक मुळी मिसळली आणि काय सांगू, औषध खरोखरच लागू पडलं! राजवैद्यांनी भरदरबारात शाबासकी दिली. कारभारी धावत चावडीवर आला. "मंडळी, औषध गुणकारी आहे! राजवैद्यांचा होकार आला! शेवटची भर घाला, घरोघरी औषध पोचवू!"

कुणी टाळी वाजवली नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे झालं सांगितलेलं. आता न सांगितलेलं सांगा."

"काही नाही हो आजोबा! आईशपथ काही नाही!"

"तेव्हाही तुम्ही खरंच बोलला होता की," म्हातारा म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला. त्याच्यामागे एकेक करत सगळे उठले.

भट्ट्या विझल्या. औषधाची कृती डोंगरापलीकडच्या राज्यानं नेली. पुढच्या साथीत तिकडची माणसं चार दिवसांत उठून कामाला लागली. इकडे कारभारी पलीकडून आणलेल्या औषधाचा वाडगा घेऊन दारोदार फिरत होता. दारं उघडत, माणसं वाडग्याकडे बघत, त्याच्याकडे बघत आणि हुडहुडी भरलेल्या हातांनी दार पुन्हा लावून घेत.

तात्पर्य : शब्द खरे असून भागत नाही, ऐकणारा काय समजून घरी गेला, त्याचा जाबही बोलणाऱ्यालाच द्यावा लागतो.