ढगाचे बारा दिवस

फार पूर्वी, जिथे ढग दमलेल्या गुरांसारखे दरीत उतरून बसत, अशा एका डोंगरी राज्यात एक पाथरवट राहत असे. राणीने त्याला नदीवर दगडी पूल बांधण्याचे काम दिले.

करार साधा होता. पूल चैत्री पौर्णिमेला पुरा व्हावा. जितके दिवस उशीर, तितकी वर्षे पाथरवटाच्या घराण्याची दगडखाण बंद. मात्र आकाशामुळे किंवा दरबारामुळे काम अडले, तर ते दिवस माफ होत. त्यासाठी एकच रीत होती. तीन दिवसांच्या आत राणीच्या कारभाऱ्याला जागेवर आणायचे, ओल्या चुन्याच्या पाटीवर अडचण व दिवस कोरायचे आणि दोघांनी खाली पंजे उमटवायचे. चुना वाळला की त्यात कुणालाच फेरफार करता येत नसे.

माघात एक पांढरा ढग नदीवर उतरला आणि तिथेच राहिला. ताणलेली दोरी दिसेना, ओळंबा दिसेना. हातोड्याचा आवाजही दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नातून आल्यासारखा वाटे. काम थांबले.

पाथरवटाची बायको म्हणाली, "अहो, कारभाऱ्यांना बोलवा. पाटी करून घ्या."

"ढगाची फिर्याद करू? राणीसाहेब म्हणतील, दोन थर रचले नाहीत तोच रडायला लागला! आणि ढग साऱ्या गावाला दिसतोय. शेवटी सांगू की सगळं एकदम."

"शेवटी ढग येणार आहे का साक्षीला?"

पाथरवट नुसता हसला. बारा दिवसांनी ढग, आला तसाच, आवाज न करता निघून गेला.

फाल्गुनात राणीला स्वप्न पडले, की पुलाचा मधला खांब पाणपक्ष्यांच्या घरट्यांवर उभा आहे. सकाळी हुकूम आला: खांब उतरवून दहा हात बाजूला बांधावा. पाथरवटाने मुकाट्याने पहार उचलली. बायकोने मात्र चुना कालवला आणि ओली पाटी डोक्यावर घेऊन ती कारभाऱ्याच्या दारात उभी राहिली.

"काय वहिनी, भांडायला आलात?"

"नाही भाऊजी. पुढे भांडण होऊ नये म्हणून आले."

खांबापाशी तिने पंधरा दिवस मागितले.

"पंधरा? खांब हलवायचाय की डोंगर?" कारभाऱ्याने बोटाने थर मोजले. "नऊ पुरतील."

तिने थर पुन्हा मोजले. नऊच पुरेसे होते. तिने ते मान्य केले. कारभाऱ्याने पंजा उमटवला. पाथरवटानेही, जरा संकोचून, उमटवला.

पूल एकवीस दिवस उशिरा पुरा झाला. दरबारात पाटी पाहून राणीने नऊ दिवस तत्काळ माफ केले.

"आणि उरलेले बारा?"

"ढग होता, राणीसाहेब. बारा दिवस."

कारभारी प्रामाणिक होता. तो म्हणाला, "ढग मीही पाहिला. पण मला सातच दिवस आठवतात."

"छे हो!" म्हातारा नावाडी मागून म्हणाला. "चांगला महिनाभर होता. मी माझी नाव हातांनी चाचपून शोधायचो."

राणीने खिडकीबाहेर पाहिले. "मी तेव्हा वरच्या महालात होते. तिथे रोज ऊन होतं." मग ती हळुवारपणे म्हणाली, "तू खोटं बोलतोस असं मला वाटत नाही. पण इथे प्रत्येकाचा ढग वेगळा आहे. त्यातला कोणता मोजू?"

बारा वर्षांसाठी खाण बंद झाली.

दुसऱ्या दिवशी दरबारच्या माणसांनी खाणीच्या तोंडाशी आडवे लाकूड घातले. नवरा-बायको दूर उभे राहून पाहत होते.

"ती उघडेल तेव्हा आपली लेक वीस वर्षांची असेल," बायको म्हणाली.

"मला वाटलं होतं, न मागणं हाच भलेपणा."

"भलेपणाच होता तो," ती म्हणाली. "पण राणीसाहेबांना तो कळलासुद्धा नाही."

तात्पर्य एवढेच: कामातील अडचण डोळ्यांसमोर असतानाच ती समोरच्याला दाखवून, दोघांनी मिळून मोजून नोंदवावी; नंतर सांगितलेले सत्य पुराव्यावाचून केवळ आठवण होऊन राहते.