ब्याऐंशी टक्क्यांची पोरगी

नामांकित कॉलेजात मुलाखत होती. समोर आमची लेक वैजयंता, मागं बाकावर मी. इथं नाही घेतलं, तर थोरले दीर तिचं लग्न उरकायला टपलेलेच.

संचालकांनी अर्ज बोटानं ढकलला. "ब्याऐंशी टक्के? बाई, आम्ही पंच्याण्णवच्या खाली बघत नाही. भिंतीवरचे फोटो बघा. आमची एकूणएक मुलं चमकतात!"

मी उसळणार, तोच पोरगी बोलली, "सर, ती चमकतच आत येतात. त्यात कॉलेजनं काय केलं, हे कुणाला कळणार? मला घ्या. मी चमकले, तर लोक तुमचंच नाव घेतील."

संचालकांनी अर्ज परत ओढून त्यावर सही केली. शेजारचे म्हातारे प्राध्यापक हसत म्हणाले, "साहेब, आता शिकवावं लागणार!"